चिनी मातीचा युरोप

"अगं, लाव हात. चालतं इथे." शिरीषने विभाचं मनगट धरून तिचा पंजा चित्रावर टेकवला. "खऱ्या चित्राला लावू देतील का?"

समोर भिंतभर इटलीतल्या कुठल्याशा चर्चमधले देवदूत होते आणि हाताला लागली ती गार, गुळगुळीत फरशी. युरोपातली हजारभर नावाजलेली चित्रं चिनी मातीच्या लाद्यांवर जशीच्या तशी उतरवून, भाजून या संग्रहालयात लावली होती. रंग उडत नाहीत, ओल धरत नाही, आणि हात लावला तर कोणी ओरडत नाही. टोकियोहून विमान आणि वर बस, असा प्रवास करून शिरीषने बायकोला आणि लेकीला इथे आणलं होतं, विभाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी. "एका दिवसात सगळा युरोप," हे तो सकाळपासून चौथ्यांदा म्हणाला.

विभा पुण्यात चित्रकलेचा डिप्लोमा केलेली. २००१ साली कंपनीने शिरीषला टोकियोत एका बँकेच्या कामावर पाठवलं, तेव्हा "फक्त दोन वर्षं, आणि परतताना युरोप" असं दोघांचं ठरलं होतं. रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस, ॲम्स्टरडॅम. प्रत्येक गावी सकाळी चित्रं बघायची आणि दुपारी तिथलं खायचं. दोनाची आठ वर्षं झाली. आता या कलाकार बाई आठवड्यातले चार दिवस जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात अरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी, करतात. पुढ्यातून सरकणाऱ्या प्रत्येक बेंतोत भाताच्या बरोब्बर मधोमध एक खारवलेलं लाल फळ ठेवायचं, एवढंच काम. "विभा-सान, तुमचा हात कसा चित्रकाराचा आहे," असं तिथला सुपरवायझर कौतुकाने म्हणतो आणि तिला त्याच्या डोक्यात डबा घालावासा वाटतो.

शिरीष स्वतः मात्र मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने तीन दिवस पॅरिसला जाऊन आला. एक अख्खी दुपार मोकळी होती. "रांग केवढी होती अगं!" म्हणून हा गृहस्थ संग्रहालयाच्या दारातून परतला, आणि तिन्ही दिवस एका पंजाब्याच्या हॉटेलात छोले हाणून आला. तो गेला याचं विभाला फारसं वाईट वाटलं नव्हतं. रांगेत उभा राहिला नाही, हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं.

दुपारी संग्रहालयातल्याच रेस्टॉरंटात त्याने तीन प्लेट स्पॅगेटी मागवली. "निकु नाशि," मांस नको, असं दोनदा बजावलं. तरी बेकनचे तुकडे आलेच. बेकनला इथे कोणी मांसात धरत नाही, ते वेगळं नाव घेऊन सांगावं लागतं. आठ वर्षं काढूनही शिरीष ते विसरला होता. विभा काट्याने एकेक तुकडा कडेला सारत बसली.

"चला, इटालियनही झालं," तो म्हणाला.

"शिरीष, मे महिन्याची सुट्टी मागितलीस का? नुसतं ॲम्स्टरडॅम करू. बाकीची गावं राहू देत."

"बघू या ना."

"बघू या म्हणजे?"

"म्हणजे विचार करतो गं. मार्केटची हालत बघतेयस ना सध्या?"

"केन्तो शिमास," दहा वर्षांची ईश्वरी स्ट्रॉ चघळत मध्येच बोलली.

"काय गं?"

"बाबाच सांगतात ना ऑफिसमधल्या नवीन काकांना. जपानी माणूस केन्तो शिमास, विचार करतो, असं म्हणाला की नाही समजायचं. तोंडावर नाही म्हणायला त्यांना ऑकवर्ड होतं. बाबांचं बघू या पण सेमच आहे. दा यो ने, हो ना बाबा?"

शिरीष हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मार्चएंडला कॉन्ट्रॅक्ट संपतंय," तो म्हणाला. "रिन्यू नाही करणार ते. पुण्याला परत जायचंय. मला महिनाभर माहितीये, पण तुझा बर्थडे होता, म्हणून म्हटलं..."

"म्हणून हे दाखवायला आणलंस."

"तुला आवडेल असं वाटलं, विभा. ऑनेस्टली."

त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. आठ वर्षं त्याचं प्रत्येक "बघू या" तिने सरळ मराठीत ऐकलं होतं. बघू या म्हणजे बघू या. पोरीला जे दहाव्या वर्षी कळलं, ते आपल्याला चाळिसाव्या वर्षी कळावं? पुण्याला गेल्यावर घर, सासूबाईंचे गुडघे, ईश्वरीची शाळा. तिथून कोण कशाला नेतंय युरोपला? ती पर्स उचलून उठली आणि एकटीच खालच्या मजल्यावर गेली.

तिथे डिप्लोमाच्या पुस्तकांत शंभरदा पाहिलेलं, ॲम्स्टरडॅममधलं ते डच चित्र होतं. खिडकीशी उभी राहून मडक्यातून दूध ओतणारी मोलकरीण, पुढ्यात पाव. शेजारी एक वयस्क स्वयंसेवक माहिती सांगायला उभे होते. छातीवर ओगावा असं नाव. आसपास दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी विभाकडे पाहून अदबीने विचारलं, "आपण परदेशातून आलात, म्हणजे खरं चित्र पाहिलं असेल?"

त्यांच्या लेखी परदेश म्हणजे सगळा एकच देश असावा.

"मी नऊ वर्षं हिची माहिती सांगतो आहे," ते म्हणाले. "पण युरोपला काही जाणं झालं नाही. बायको अंथरुणाला खिळली होती. कशी दिसते हो ती, खरी?"

मागे शिरीष आणि ईश्वरी येऊन थांबले होते. विभाला त्यांची चाहूल लागली.

"हाय," ती म्हणाली. हो.

आणि तिच्या मोडक्यातोडक्या जपानीत ती सांगू लागली. चित्र एवढंसंच आहे, पण त्या खोलीत दुसरं काही दिसत नाही. पावावर रंगाचे बारीक थेंब आहेत, जवळ गेलं की खसखशीएवढे. भिंतीत एक खिळा आहे, त्याची सावलीसुद्धा काढलीय. दुधाची धार मात्र बघता बघता हलल्यासारखी वाटते. बाहेर आल्यावर आम्ही कालव्याकाठी बसून असाच पाव खाल्ला, चीज घालून. थंडी होती.

ईश्वरीने तोंड उघडलं आणि आईकडे बघून मिटलं. शिरीष जमिनीकडे बघत होता.

ओगावा डोळे मिटून ऐकत होते. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी दोन्ही हात मांड्यांशी घेतले आणि कमरेतून खोल वाकून तिचे आभार मानले. विभा त्यांच्याहून खाली वाकली, आणि वर यायला तिने बराच वेळ घेतला.