तीन तळटिपा

डीनबाईंची ईमेल आली: दहा विद्यार्थी झाले नाहीत तर तुझा कोर्स कॅन्सल. झाले होते सात. "विंडसरमध्ये गाड्या बनवणाऱ्यांच्या मुलांना दोन महायुद्धांच्या मधले युरोपियन विद्वान कशाला?" असं बाई तोंडावर म्हणाल्या. डोकंच फिरलं माझं. बाहेर नाझींच्या घोषणांचा धुमाकूळ चालू असताना ग्रीक-लॅटिन उघडून माणूसपण शोधणारी ती माणसं. त्यांना आज नाही तर कधी वाचायचं? आणि वसईला पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत शिकलेलं लॅटिन सोडून मला इथे कॅनडात दुसरं येतंय काय? कोर्स गेला की मी घरी.

वर्गात हेच तावातावाने सांगत होतो. आमच्याच चर्चच्या पॅरिशमधल्या शर्लिनने हात वर केला. "पण युजीन अंकल, शेजारच्या ज्यू प्रोफेसरला काढून टाकलं तेव्हा तुमच्या त्या विद्वानांनी काय केलं?"

"काहींनी राजीनामे दिले. काही देश सोडून गेले. बरेचसे जुन्या पोथ्या तपासत बसले."

"म्हणजे नथिंग."

"इतकं सोपं नसतं ते," मी खेकसलो. मला आमच्याच कॉलेजातला शशिकांत आठवला.

दोन वर्षांपूर्वी त्याचा तत्त्वज्ञानाचा कोर्स बंद केला, तेव्हा त्याने माझ्याकडे निषेधाचा अर्ज सहीसाठी पाठवला होता. अख्खा रविवार मी त्यावर घालवला. तीन तळटिपा जोडल्या, संदर्भ चोख केले आणि परत पाठवला. सही राहिली. राहिली कसली, केली नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं.

आता माझा कोर्स वाचवण्याचा अर्ज मी सह्यांसाठी स्टाफरूममध्ये फिरवला. सगळ्यांना फार आवडला. एकाने शेवट बदलून दिला, दुसरीने दोन पुस्तकं सुचवली. सही एकाचीही नाही. मला इतकी चीड आली, आणि कोणावर काढणार? हे त्यांना मीच शिकवल्यासारखं होतं.

शनिवारी शशिकांतच्या घरी गेलो. हल्ली तो बेसमेंटमध्ये गणिताच्या ट्यूशन घेतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होता. मी अर्जाचा कागद पुढे केला. त्याने ग्लव्ह काढला, पेन मागितलं आणि गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

"अरे, वाच तरी," मी म्हटलं.

"नको बे," नागपूरचा शशिकांत म्हणाला. "वाचायला बसलं की सही राहते."