तलाकाची शपथ

बाबिकिरची बॅग दाराआड भरून ठेवलेली होती आणि त्याच्या बायकोच्या, अलवियाच्या, ती येताजाता पायात येत होती. तिनं ती पलंगाखाली सरकवून पाहिली, कपाटामागे दडवून पाहिली. हा बाबा पुन्हा ओढून दाराशी आणून ठेवायचा आणि वर तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलायचं ते तो बोलून मोकळा झाला होता. गुरुवारी दुपारच्या बसनं कैरोहून अस्वान, तिथून मिळेल त्या गाडीनं सीमेपार आणि मग सुदानातलं आपलं ओमदुरमान. तिथे अजून तोफा चालू होत्या. घराची दर्शनी भिंत पडल्याचं शेजाऱ्यानं फोनवर कळवलं होतं.

"भिंत पडली तर पडली," तो म्हणाला होता. "दारापुढचा रस्ता आहे ना जागेवर?"

त्या रस्त्याचंच तर सगळं दुखणं होतं. ओमदुरमानात रमजानचा रोजा घरात बसून सोडत नाहीत. ऊन कललं की घराघरातले पुरुष चटई घेऊन दारापुढे येतात, बायका आतून ताटं देतात, आणि रस्त्यानं जाईल त्याला धरून बसवायचं, ओळखीचा असो नाहीतर नसो. बाबिकिरची चटई गल्लीच्या तोंडाशी पडायची. हा गडी डोक्याचा फेटा सोडून रस्त्यावर आडवा धरायचा आणि चालत्या बस थांबवायचा. ड्रायव्हर का-कू करायला लागला की छातीवर हात ठेवून शपथ घालायचा, "तू जेवल्याशिवाय गेलास तर माझ्या बायकोला तलाक." झालं. दुसऱ्याचा संसार मोडायचं पाप कोण घेणार डोक्यावर? अख्खी बस खाली उतरून जेवायची. आत अलविया कपाळाला हात लावायची, की हा माणूस परक्याच्या घासापायी मला रोज पणाला लावतो, आणि ज्वारीच्या घाट्याचा, म्हणजे त्यांच्या असीद्याचा, दुसरा टोप चढवायची. मनातून तिला हे आवडायचं. तिच्या हातचं खाण्यासाठी बस थांबते म्हणजे काय थोडी गोष्ट झाली?

आणि इथे काय, तर कैरोच्या फैसल भागातली ही पहिल्या मजल्यावरची जागा. लेक इज्दिहार शिवणाच्या कारखान्यात जायची, त्यावर घर चालायचं, आणि बाबिकिर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायचा. खाली जिन्याखालच्या खोलीत इमारतीचा दारवान शाबान राहायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "हज्जा," तो अलवियाला मानानं हाक मारून म्हणायचा, "तुमचे हाजी माझ्या डोक्यावर जेवढे चालले ना, तेवढ्यात पायी सुदान गाठला असता."

तिला त्याचा राग यायचा, कारण हाजी नेमके त्याच तयारीत होते.

बॅग भरली गेली ती पहिल्या रोज्याच्या दिवशी. त्या संध्याकाळी बाबिकिर उत्साहानं खाली उतरला होता. चटई बगलेत, पांढरा पायघोळ जलाबिया इस्त्रीचा, पण कॉलरला विरलेला. समोरून एक कोटवाले गृहस्थ घाईघाईनं चालले होते. यानं सवयीनं त्यांचा दंड धरला. त्यांनी एकदा त्याच्या कॉलरकडे पाहिलं, खांद्यावर थोपटलं, त्याच्या मुठीत एक नोट कोंबली, "अल्ला तुमचं भलं करो, हाजी" म्हणाले आणि गेले. त्यांची तरी काय चूक? या शहरात रमजानला रस्त्यावर जी पंगत मांडतात ती पैसेवाले गरिबांसाठी मांडतात. अशा वेळी जो रस्त्यात हात धरतो तो मागणाराच असणार, असं कोणालाही वाटेल.

पण बाबिकिरला हे कोण समजावणार? तो वर आला, नोट फ्रिजवर मिठाच्या बरणीखाली ठेवली, आणि त्या दिवसापासून एक खजूर आणि घोटभर पाणी, बस. पुढे ताट ठेवलं की म्हणायचा, "भिंतीकडे तोंड करून मला घास गिळत नाही." त्याच्या गालांची हाडं वर आली. अलवियाला भीती वाटायला लागली. हा गेला तर परत यायचा नाही, ही साधी, सरळ भीती. तिनं समजावलं, रडून पाहिलं, भांडून पाहिलं, लेकीला मध्ये घातलं. बॅग दाराआड होती तिथेच राहिली.

बुधवारी दुपारपासून तिला घरात उभं राहवेना. भांडी घासलेली पुन्हा घासली. मग एकाएकी पीठ काढलं आणि असीदा घाटायला घेतला. वाळवलेल्या भेंडीची मटण घातलेली आमटी केली, मोड आणलेल्या ज्वारीचं आंबटगोड सरबत गाळलं. सगळं मोठ्या ताटात मांडलं, चटई काखेत मारली आणि दाराकडे निघाली.

बाबिकिर खिडकीशी थबकला. "हे कुठे?"

"खाली. तुम्ही उद्या चाललात. आज शेवटचं बसा आपल्या चटईवर."

"परत कोणी हातावर भीक ठेवावी म्हणून?"

"तुम्ही नका येऊ. मी बसते."

"डोकं फिरलंय का तुझं? बाईमाणूस ताट घेऊन रस्त्यावर?"

"घरातला पुरुष खिडकीत उभा असला की जावं लागतं," अलविया म्हणाली आणि जिना उतरली. ओमदुरमानात तिला असं कोणी पाहिलं असतं तर वर्षभर बायकांना विषय पुरला असता.

दारापुढे एक गाडी उभी होती. तिच्या आडोशाला तिनं चटई टाकली, मधोमध ताट ठेवलं आणि स्वतः पायरीवर बाजूला बसली. माणसं येत होती, ताटाकडे पाहत होती आणि पुढे जात होती. एका बाईनं आपल्या लेकराला ओढून पलीकडे नेलं. इतक्यात पाव घेऊन शाबान आला.

"शाबानभाऊ, बसा ना," अलविया म्हणाली. "अजान होईलच आता."

एरवी चुरूचुरू बोलणारा माणूस, पण त्याचा चेहरा उतरला. "हज्जा, मी दारावर बसतो म्हणजे दारोदार मागत नाही. माझा वाटाण्याचा टोप आहे आत. खैरातीचं खायची वेळ अजून आली नाही माझ्यावर."

अलवियाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मागे जिन्यात चपलांचा आवाज आला. बाबिकिर अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. तिला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. कैरोत आल्यापासून तिनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"शाबान," तो खाली येत म्हणाला, "अरे, हेच मला म्हणायचं होतं त्या कोटवाल्याला. वेळेवर सुचलंच नाही बघ."

"कोण कोटवाला?"

"बस, सांगतो."

"मी बसत नाही, हाजी."

बाबिकिरनं त्याचं मनगट पकडलं. "खैरात गेली खड्ड्यात. ही माझी चटई आहे आणि तू तिच्यापुढून चालला आहेस. जेवल्याशिवाय गेलास तर माझ्या बायकोला तलाक."

"फार मोठी शपथ घातली," पायरीवरून अलविया म्हणाली. "उद्या तसेही टाकूनच चाललेत."

शाबाननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "कुठे चालले?"

"तोफा मोजायला," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं.

अजान झाली. शाबान मांडी घालून बसला. पहिला घास घेऊन म्हणाला, "ही भेंडी आहे की डिंक?" आणि आणखी वाढून घेतली. बाबिकिरनं त्याला कोटवाल्याची गोष्ट सांगितली. सांगता सांगता स्वतःही जेवला, बोटं चाटूनपुसून जेवला. अलविया त्याच्या घासाकडे पाहत राहिली.

शाबाननं हात पुसले. "उद्या तुम्ही माझ्याकडे. इथेच, माझ्या वाटाण्यावर."

"उद्या मी नाही रे. बस आहे माझी."

"ते मला काही माहीत नाही," शाबान म्हणाला. "उद्या आला नाहीत तर आमच्या रिदाच्या आईला तलाक."

बाबिकिरचा चेहरा पडला. "शाबान, शपथ मागे घे."

"घेत नाही. सुरुवात तुम्ही केलीत."

तिकडे दक्षिण इजिप्तमधल्या कुठल्या खेड्यात शाबानची ती नातवंडंवाली बायको म्हशीपाशी अंगणात बसली असेल, तिच्या गावीही नाही की आपला संसार कैरोच्या फुटपाथवर टांगलेला आहे. अलवियानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तरी मनातल्या मनात तिचे पाय धरले.

वर आल्यावर बाबिकिर धुसफुसत राहिला. "काय मूर्ख माणूस आहे. असं कोणी बायकोला पणाला लावतं का?"

"लावतात काही जण," अलविया म्हणाली.

तो पुन्हा एक फेरी मारून आला. "बस पुढच्या गुरुवारीही असते."

"असते की."

गुरुवारी दुपारभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाबिकिर दोनदा बॅगेपाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या वेळी त्यानं तिची चेन उघडली, धुतलेला फेटा काढला, आणि चेन तशीच उघडी टाकून खिडकीकडे गेला. बसची वेळ टळून गेली.

संध्याकाळी अलविया खिडकीत आली. खाली शाबाननं वर्तमानपत्र अंथरलं होतं, वाटाण्याचा टोप, कांदे, पाव. आणि बाबिकिर? तो गल्लीच्या मधोमध उभा होता. फेटा सोडून त्याचं एक टोक त्यानं दारापुढच्या उभ्या गाडीच्या आरशाला बांधलं होतं, दुसरं हातात धरलं होतं, आणि एक रिक्षा अडवली होती. रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडत होता. बाबिकिरनं छातीवर हात ठेवला. पुढचं त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या.

इज्दिहार आतून धावत आली. "आई, रडतेस का? काय झालं?"

"काही नाही. तुझा बाप मला तलाक देतोय."

"कोणासाठी?"

"रिक्षावाल्यासाठी," अलविया म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले, पण ते थांबत नव्हते. तशीच ती आत गेली आणि असीद्याचा टोप गॅसवर चढवला. त्या एवढ्याशा वाटाण्यात रिक्षातल्या सगळ्यांचं भागणार नव्हतं.