गोवऱ्या कोण आणणार

ऑगस्ट, म्हणजे आमच्याकडचा हिवाळा, संपत आला होता, आणि आता यंदा बर्फ पडणार नाही असं मी शाळेत विज्ञानाच्या तासाला ठामपणे सांगितलं होतं. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे गुडघाभर बर्फ. शाळा बंद, घाटातला रस्ताही बंद.

"विज्ञान बहुतेक दुसऱ्या डोंगराबद्दल बोलत होतं," माझा नवरा लेबोना फावडं शोधत म्हणाला.

त्याची मुलगी मोलिकेंग हसली नाही. "मॅडम, तुमचे बूट मी शेकोटीजवळ ठेवलेत," एवढंच म्हणाली.

मोलिकेंग आठ वर्षांची. तिची आई वारल्यावर काही वर्षांनी, म्हणजे या ईस्टरनंतर, मी या घरात आले. मी शिक्षिका म्हणून ती मला घरातही मॅडमच म्हणायची. माझ्याशी कधी वाईट वागली नाही, आणि तेच मला खुपत होतं. बापाशी ती भांडायची, आजोबांच्या टोपीत खडे लपवायची. मला मात्र न फुटलेला पेला, शेकोटीजवळची जागा आणि 'हो मॅडम'. मला त्या घरातली व्हायचं होतं. कसं व्हायचं, ते कळत नव्हतं.

मेंढ्यांना चारा घालून झाल्यावर आम्ही अंगणात बर्फाची गाय केली. सासरे घोंगडी गुंडाळून दारात उभे राहिले आणि तिथूनच चुका काढू लागले.

"ही गाय नाही. बसलेली मेंढी आहे."

"शिंगं लावायची राहिलीत, आजोबा."

"शिंगं लावली तर शिंगवाली मेंढी होईल."

मग जुन्या पत्र्याच्या टबात बसून उतारावरून घसरणं सुरू झालं. "आधी मॅडम," मोलिकेंग म्हणाली, आणि टब माझ्यासाठी पुसून दिला. मी घसरत गेले, उलटले. वर पाहिलं तर ती तोंडावर हात ठेवून उभी होती. बाप उलटला तेव्हा मात्र पोट धरून हसली.

दुपारी न्ताते सेखोबे आले. न्ताते म्हणजे आमच्याकडचं आदराचं 'काका'; हे लोकर विकत घेत गावोगाव फिरणारे गृहस्थ. बर्फात घोडं पुढे जाईना म्हणून आमच्याकडे थांबले. सासऱ्यांनी मोराबाराबाचा पट काढला. सपाट दगडावर चौकोनात चौकोन कोरलेले, एकाच्या गाई म्हणजे मक्याचे दाणे, दुसऱ्याच्या म्हणजे घेवड्याच्या बिया. आपल्या तीन गाई एका रेषेत आणल्या की समोरच्याची एक मारायची. या खोऱ्यात सासऱ्यांना हरवणारा कुणी नाही, असं म्हणतात.

न्ताते सेखोबे वाईट खेळले आणि जिंकले.

मी शेजारीच बसले होते. सासऱ्यांची रेष दोनदा पुरी होत होती. दोन्ही वेळा त्यांनी भलतीच गाय हलवली. न्ताते सेखोबे खूश होऊन आंबील प्यायले आणि भिंतीला टेकून डुलकी घेऊ लागले.

"तुझे वडील मुद्दाम हरले," मी लेबोनाला हळूच म्हटलं.

"मग? पाहुण्याला कुणी हरवतं का? आमच्याकडे पाहुणा हरत नाही."

"रविवारी त्यांना मी हरवलं होतं. त्याच्या आदल्या रविवारीसुद्धा. मोलिकेंगलाही."

लेबोना एकदम ओल्या बुटांची नाडी सोडवण्यात गढून गेला.

शेकोटी मंदावली होती आणि टोपलीत गोवऱ्या संपल्या होत्या. गोवऱ्यांची खोपटी अंगणाच्या टोकाला, बर्फाच्या गाईच्याही पलीकडे. मोलिकेंग घोंगडी घेऊन उठली.

"थांब," मी म्हटलं. "आपण एक डाव खेळू. जी हरेल तिने गोवऱ्या आणायच्या."

"नको मॅडम, मी आणते ना."

"हरलीस तर आण."

तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मांडी घालून बसली.

सुरुवातीच्या गाई तिने सावकाश मांडल्या, रविवारी मांडायची तशा, माझ्या वाटेतून बाजूला. मी एक रेष जवळजवळ पुरी केली. हा डावही ती मला देणार असं वाटलं आणि मला वाईट वाटलं. तेवढ्यात तिने एक बी उचलली आणि बरोबर माझ्या रेषेत टेकवली.

त्यानंतर तिने दयामाया दाखवली नाही. माझी एक गाय गेली, मग दुसरी. एकच बी ती मागेपुढे करत होती आणि दर वेळी तिची रेष पुरी होत होती.

"बघून खेळ की," आजोबा मला म्हणाले. "तुझा गोठा रिकामा होतोय."

"आजोबा, तिला सांगू नका. लबाडी आहे ही."

माझ्या दोनच गाई उरल्या, दोघींची रेष होत नाही, तेव्हा डाव संपला. मोलिकेंगने टोपली माझ्यापुढे सरकवली. तिचे कान लाल झाले होते.

"जा," ती म्हणाली.

बाहेर पुन्हा बर्फ भुरभुरत होता. खोपटीचं दार गोठलं होतं, बोटं बधिर झाली होती, आणि मी एकटीच हसत गोवऱ्या भरत होते. मागून घराचं दार किलकिलं झालं.

"वरच्या नको, त्या ओल्या असतात," मोलिकेंग ओरडली. "खालच्या घे. आणि लवकर ये, आजोबा गारठलेत."

"मी नाही गारठलो," आतून आवाज आला.

परत आले तेव्हा माझ्या शेकोटीजवळच्या जागेवर मोलिकेंग बसली होती. ती उठली नाही. पटावर दाणे आणि बिया वेगळ्या करून ठेवल्या होत्या.

"आता रात्रीची भांडी कोण घासणार?" तिने विचारलं.

मी हात शेकले आणि मक्याचे दाणे माझ्याकडे ओढले. रात्रीची भांडीही मीच घासली.