रॉकीच्या पायाचा सौदा

घरच्या कुत्र्याचा, रॉकीचा, पाय मोडला त्या रविवारी पार्श्वनाथ मगदूम यांना बसल्या जागी साडेतीन फूट जमीन मिळायची चिन्हं दिसू लागली. शिवाजी पेठेत त्यांच्या आणि नृसिंह साळोखेच्या घरामध्ये एक बोळ आहे. त्यात साळोखेनं मोटरसायकली दुरुस्त करायला पत्र्याचं शेड ठोकलेलं, साडेतीन फूट पुढं आलेलं. शेड गेलं की मगदुमांचा गुळाचा टेंपो दारात लागणार आणि तो दुसऱ्याच्या आवारात लावायचं महिना चार हजार भाडं वाचणार. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. नऊ वर्षं भांडून जे हाती लागलं नाही, ते कुत्र्याच्या एका पायानं लागतंय असं दिसल्यावर कोण माणूस नुसता रडत बसेल?

झालं ते असं. साळोखे रविवारचं मटण घेऊन आला आणि पिशवी गाडीच्या हुकाला लटकत ठेवून शेडचं कुलूप काढायला वळला. रॉकी सहा वर्षं दूधभाकरीवर वाढलेला. मगदुमांच्या जैन घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही. पण नाकाला कुणी व्रत दिलेलं नव्हतं. त्यानं पिशवी ओढली, फाडली आणि किलोभर मटण बोळभर केलं. साळोखेच्या हाताला दाराशेजारची पहार लागली. पहिला घाव फरशीवर बसला, दुसरा पुढच्या डाव्या पायावर. ओला ऊस मांडीवर मोडावा तसा आवाज झाला आणि हाड कातडं फाडून बाहेर आलं.

पार्श्वनाथ पूजेच्या सोवळ्यात होते, तसेच धावले आणि हातातला तांब्या साळोखेच्या कपाळावर हाणला. भुवई फुटली. साळोखेनं त्यांचा गळा धरून भिंतीवर आपटलं.

"मुक्या जनावरावर पहार घालतोस व्हय रं?"

"आठशे चाळीसचं मटण खाल्लंय तुमच्या मुक्यानं! सोवळ्यातलं कुत्रं म्हणं!"

अरुणाबाई, म्हणजे पार्श्वनाथांची बायको, मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी रॉकीला पदरात गुंडाळलं, रिक्षा थांबवली आणि ओरडल्या, "मारामारी झाली की या मागनं दवाखान्यात!"

जनावरांच्या डॉक्टर इरावती यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि तीन आकडे सांगितले. प्लेट नि स्क्रू घालून पाय जोडायचा तर बावन्न हजार. पाय काढून टाकायचा तर अठरा. आणि काहीच जमत नसेल तर शांतपणे झोपवायचं, बाराशे.

"झोपवायचं न्हाय. आमच्यात चालत न्हाय," पार्श्वनाथ म्हणाले. धर्माचं पालन करायला त्यांची ना नव्हती, आणि तो आकडा त्यांच्या काही कामाचाही नव्हता. बावन्न मात्र त्यांनी मनात दोनदा म्हणून बघितला. साळोखेची वर्षाची शिल्लक बावन्नच्या आसपाससुद्धा जात नसेल.

"जोडूनच द्या," अरुणाबाई म्हणाल्या.

"आज संध्याकाळपर्यंत टेबलावर पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "उघडी जखम आहे, त्यात मे महिना. उद्यावर गेलं तर पाय वाचेल असं मी बोलणार नाही."

पार्श्वनाथांनी मान हलवली. गुळाच्या सौद्यात चाळीस वर्षं त्यांनी हेच ऐकलं होतं. आज उचला शेट, उद्या भाव राहणार न्हाय. असं म्हणणाऱ्याचा माल त्यांनी कायम दुसऱ्या दिवशी आणि कायम स्वस्तात उचलला होता.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

रिक्षात अरुणाबाईंनी विचारलं, "सांगायचं काय त्यात? पैसं हाईत की आपल्याकडं."

"हाईत म्हणून आधी घालायचं आणि मग जन्मभर त्याच्या मागं फिरायचं? साळोखे भरंल. न्हायतर शेड काढंल. तालमीत बसू."

"मग आत्ताच बसा."

"यशराज कोडोलीला लग्नाला गेलाय. उद्या चारला येतोय."

यशराज हा तालमीचा अध्यक्ष. पेठेतली भांडणं पोलिसात जायच्या आधी त्याच्या पुढ्यात यायची आणि बहुतेक तिथंच मिटायची. तोवर तीस तास होते. इंजेक्शनचा असर उतरला तसा रॉकी जिन्याखाली भिंतीवर डोकं घासू लागला. सोमवारी सकाळी पट्टीतून पिवळं पाणी आलं आणि माश्या हटेनात. अरुणाबाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत बसून राहिल्या. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"वास सुटलाय, अवो."

"चारपत्तूर दम धर. पट्टी बदलू नको."

पट्टी बदलायची नव्हती त्याला कारण होतं. सौद्यात गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून दाखवल्याशिवाय बोली चढत नाही. वरून सगळे रवे सारखेच. आतला रंग दिसला की घेणाऱ्याचा हात खिशात जातो. जखमेचंही त्यांना तेच वाटत होतं.

चार वाजता तालमीच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. पार्श्वनाथांनी रॉकीला पोत्यावर घालून आणलं. साळोखे भुवईला पट्टी लावून समोर बसला.

"बोला, मगदूम काका," यशराज म्हणाला.

"माझं एकच म्हणणं. दवाखान्याचं सगळं बिल यानं भरायचं. बावन्न हजार हाय. जमत न्हाय तर शेड काढायचं, दवाखान्याचं मी बघतो."

"बावन्न?" साळोखे उठलाच. "बावन्न हजारात म्हशीची दोन रेडकं येतील! पाच देतो. त्यातनं मटणाचं वजा."

कट्टा हसला. "मटण कुत्र्यानं खाल्लं की रं, वजा कशाला? जेवण समज!"

"दहा," साळोखे म्हणाला.

"शेड," पार्श्वनाथ म्हणाले.

"काका, शब्द पक्का हाय न्हवं?" यशराजनं विचारलं. "सगळं बिल, न्हायतर शेड. नंतर तिसरं काय काढायचं न्हाय."

"चाळीस वर्षं सौद्यात शब्दावरच जगलोय. पक्का."

"पंधरा. ह्याच्या वर माझी हाडं विका," साळोखे म्हणाला.

बोली अडली. आता रवा फोडायची वेळ आली असं पार्श्वनाथांना वाटलं. ते पोत्यापाशी वाकले आणि वाळून कातड्याला चिकटलेली पट्टी त्यांनी टोक धरून एका झटक्यात ओढली.

"बघा! डोळं उघडून बघा काय केलंय ह्यानं!"

बघायला कुणाला वेळ मिळाला नाही. सहा वर्षं ज्या हातानं भाकरी कुस्करून घातली त्या हातावर रॉकीचे दात मिटले. पार्श्वनाथांनी हात ओढला, तसा तो अजून फाटला. ते दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर बुक्क्या मारत होते आणि प्रत्येक बुक्कीला दात आत जात होते. कट्ट्यावरची माणसं मागं सरकली. कुणी चप्पल फेकली, कुणी वीट उचलली. कट्ट्याच्या फरशीवर माणसाचं आणि कुत्र्याचं रक्त एकाच धारेनं वाहू लागलं.

"वीट टाक खाली! टाळकं फोडीन!" साळोखे वीटवाल्यावर धावला, त्याला ढकलून पाडलं आणि टॉवेल हाताला गुंडाळून रॉकीचा जबडा फाकवू लागला. जबडा सुटेना. सुटला तेव्हा मधलं बोट नुसत्या कातड्यावर लोंबत होतं. करंगळीचं पहिलं पेर कुठं गेलं ते कुणी शोधलं नाही.

यशराजनं पार्श्वनाथांना गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. पोत्यावर रॉकी धापा टाकत पडला होता. अरुणाबाई साळोखेसमोर उभ्या राहिल्या.

"तुम्ही मोडलाय. उचला."

"वहिनी, बावन्न न्हाईत माझ्याकडं. देवाशप्पथ."

"मी हिशेब इचारला न्हाय. उचला म्हटलं."

साळोखेनं उचललं. पोटाशी धरून, शर्ट रक्तानं भिजवत, त्यानं रॉकीला दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर इरावतींनी जखम बघितली, वासानं नाकावर हात धरला आणि सांगितलं, "आता जोडायचं काही उरलेलं नाही. खांद्यापासून काढावा लागेल. अठरा हजार."

साळोखे खुर्चीवर बसला. मग त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे सगळं बिल अठराच?"

"सगळं."

त्यानं मेहुण्याला फोन लावला, आठ हजार मागवले, दहा स्वतःचे घातले आणि तिथंच मोबाइलवरून भरले. पावतीवर आपलं नाव घालून घेतलं. मंगळवारी ती पावती त्यानं यशराजपुढं ठेवली. यशराजनं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "शब्द पक्का हुता. सगळं बिल भरलंय, शेड ऱ्हाईल."

बोटं शिवायला, हाड बसवायला, पिसाळल्याची इंजेक्शनं आणि सहा दिवस खाट, असा पार्श्वनाथांना सत्तर हजार दोनशे खर्च आला. मधलं बोट जागेवर राहिलं, वाकत नाही. अरुणाबाईंनी दवाखान्यात डबा रोज पाठवला, स्वतः एकदाही आल्या नाहीत. मग रॉकीला घेऊन त्या बहिणीकडं शाहूवाडीला गेल्या, ते दिवाळीच्या पाडव्यापर्यंत परतल्या नव्हत्या. टेंपोचं भाडं जूनपासून साडेचार हजार झालं, ते पार्श्वनाथच भरतात. साळोखेनं मेहुण्याचे आठ हजार चार महिन्यांत फेडले. मटणाचे आठशे चाळीस त्याच्याच अंगावर राहिले. बाकी राहिला तो पुढचा डावा पाय, खांद्यापासून. तो रॉकीनं एकट्यानं भरला.