झऱ्याजवळचा हुकूम

मित्रांनो, मी फ्रिजिया प्रांतातला एक जुना दगड आहे. सरकारी रस्त्याच्या कडेला, झऱ्याजवळ उभा आहे. खरे सांगू, आता उभे राहण्याचाही कंटाळा आला आहे.

डोंगरातून मला फोडून आणले तेव्हा इथे राजाचा अंमल होता. मी शेताची हद्द दाखवत असे. राजा निपुत्रिक वारला आणि जाताना राज्य रोमच्या हवाली करून गेला. गावकऱ्यांना ही बातमी नांगरणी चालू असताना कळली. त्यांनी ती ऐकली आणि नांगर पुढे हाकला. मग माझ्या शेजारून रस्ता आला, रस्त्यावरून फौजा आल्या. माझ्या अंगावर एका सम्राटाचे नाव कोरले गेले. त्याचा खून झाल्यावर ते छिन्नीने खरवडून दुसऱ्याचे घातले.

फौजांना ओझी वाहायला जनावरे लागत. शिपाई सरळ गोठ्यात शिरत. शेवटी पापियास मास्तरांनी गावातर्फे सम्राटाकडे अर्ज नेला. फार दिवसांनी उत्तर आले : परवान्याशिवाय कुणाचे जनावर नेऊ नये. ते माझ्यावर कोरले. त्या दिवशी गावाने मला हार घातला, माझ्यावर द्राक्षारस ओतला. मीही फुशारलो.

त्याच वर्षी, पेरणीच्या तोंडावर, एका शिपायाने अम्मियाचे दोन्ही बैल सोडून नेले. अम्मिया विधवा, पदरी दोन मुली. ती मागोमाग धावली आणि माझ्यापाशी त्याची वाट अडवून उभी राहिली. तिने परवाना विचारला. तो नव्हता.

"मग हे वाचा," ती म्हणाली.

त्याने सावकाश सगळे वाचले. तोही थकलेलाच होता.

"बाई, हुकूम खराय. पण सम्राट राहतात रोमात. माझा साहेब त्या वळणावर उभाय."

"मग मीपण येते साहेबाकडं. कासरा काही सोडायची नाही."

ती बैलांबरोबर चालत गेली. आठ-दहा दिवसांनी परतली, तेव्हा एकच बैल होता. दुसरा घाटात गाडी ओढताना कोसळला होता. तिने झऱ्यावर बैलाला पाणी पाजले, तोंड धुतले आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी जोखडाच्या रिकाम्या बाजूला ती आणि थोरली लेक लागल्या. उशिरा का होईना, पेरणी झाली.

मित्रांनो, मला धुऊनपुसून ठेवू नका. शेवाळ चढले तरी चालेल. फक्त न्यायाचे काही कोराल, तेव्हा ते पाळायला एखादा माणूसही रस्त्यावर उभा करा. मी दगड आहे. मला कुणाची वाट अडवता येत नाही.