मागच्या सीटवरून

आमच्या सायकलला सीट दोन, हँडल दोन, पॅडलच्या जोड्या दोन, पण ब्रेक सगळे पुढे. मागचं हँडल नुसतं धरायला. ते वळत नाही, त्यावर घंटीसुद्धा नाही. मला एक घंटी तरी लावून द्या, असं मी किती वेळा म्हटलं. तर आमचे हे म्हणतात, "तुला कशाला घंटी? तोंड आहे ना एवढं!"

हे शाळेची बस चालवतात. आठवडाभर स्टिअरिंग धरून माणूस कंटाळावा की नाही? पण रविवार उजाडला की यांना पुन्हा काहीतरी हाकायला हवंच. म्हणून ही दोघांची सायकल. कुणीतरी भंगारात काढलेली यांनी उचलून आणली, गॅलरीभर तेलाचे डाग पाडले आणि उभी केली. मी घरी बसून कपड्यांची दुरुस्ती करते, म्हणजे पँटची लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. मशिनवर वाकून पाठीचा भुगा होतो. रविवारची ही फेरी नसती तर मला एव्हाना कुबड आलं असतं. बिल्डिंगमधले आम्हाला 'डबलडेकर' म्हणतात. म्हणोत बापडे.

मागे बसलं की समोरचं काही दिसत नाही. दिसते ती यांची पाठ, मीच शिवलेल्या शर्टाची कॉलर आणि मान. म्हणून आमचा एक नियम आहे. पुढच्याने सगळं मोठ्याने सांगायचं. खड्डा, ब्रेक, उजवीकडे वळतोय, डावीकडे वळतोय. मागच्याने 'हो' म्हणायचं, आणि हो आल्याशिवाय वळायचं नाही. पहिल्याच रविवारी हे न सांगता वळले, मी भलतीकडे झुकले आणि दोघंही बागेच्या कुंपणात जाऊन पडलो. तेव्हापासूनचा हा नियम.

आता मी काय नुसती 'हो, हो' करत गप्प बसणारी बाई आहे? मी मान बाहेर काढून बघते आणि बोलते. अहो, डावीकडच्या गाडीचं दार उघडतंय. अहो, कुत्रं आलं. अहो, ती बाई बघत नाहीये. पूर्वी हे असे उखडायचे! "मला डोळे आहेत गं बाई!" गेल्या काही महिन्यांत मात्र उखडणं बंद झालं होतं. मी सांगितलं की मुकाट्याने ऐकायचे. मी फोनवर बहिणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलंसुद्धा, "बघ, वयाने माणूस निवळतो. आता माझं बोलणं गोड लागायला लागलंय त्यांना." बहीण म्हणाली, "नशीब काढलंस."

त्या रविवारी निघतानाच यांचं काहीतरी बिनसलं होतं. खरं तर आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, बसमधल्या मावशी उद्यापासून रजेवर आहेत, त्यांच्या लेकीचं बाळंतपण आहे. मावशी म्हणजे दाराशी उभ्या राहून मुलांना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाई. "नवी मुलगी येणार आहे," हे म्हणाले, "तिला काय कळतंय!" मी म्हटलं, "बाळंतपण त्यांच्या लेकीचं, आणि कळा तुम्हाला?" एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

पोस्टाच्या कोपऱ्यावर वळताना डावं पॅडल फुटपाथच्या कडेला खर्रकन घासलं. मी ओरडले, "अहो! रस्ता काय कमी पडला का?" हे म्हणाले, "घासलं थोडं." पुढे नदीकाठच्या रस्त्याला लागलो. ऊन कोवळं होतं, पाण्यावरून गार वारा येत होता, लोक कुत्री घेऊन फिरत होते. एक व्हॅन डावीकडे उभी होती. तिचा आरसा माझ्या कोपराला चाटून गेला. अगदी चाटून. माझी बाही त्यात अडकून टर्रकन फाटली.

"झोपलात का?" मी म्हटलं. "व्हॅन होती एवढी मोठी! सांगितलं का नाहीत?"

"तू सांगायचंस ना," हे म्हणाले.

मी तोंड उघडलं ते भांडायलाच. पण मग वाटलं, मी सांगायचं? मी तर मागे बसते. सांगायचं पुढच्याने, असा आमचा नियम.

त्यानंतर मी यांच्या मानेकडे बघत राहिले. इतके रविवार ती मान माझ्यासमोर होती, पण मी तिच्याकडे कधी धड बघितलंच नव्हतं. उजवीकडून काही आलं की ती जरा हलायची आणि हे सांगायचे, "ट्रक." "सायकलवाला." डावीकडे बघताना मात्र सगळी मान वळायची, पार हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, घुबड वळवतं तशी. आणि डावीकडचं हे काही सांगतच नव्हते. मी आठवून आठवून पाहिलं. मागच्या रविवारीही नाही, त्याच्या मागच्याही नाही. डावीकडचं सगळं मीच सांगत होते. कुत्रं, दार, ती न बघणारी बाई, सगळं डावीकडचं.

मी पायांचा जोर लावायचंच विसरले. पॅडलं आपोआप फिरत होती, कारण चेन एकच, पुढचे पाय फिरले की मागचेही फिरतात. मी मनाला समजावलं, छे, काहीतरीच तुझं. रात्री झोप लागली नसेल. शाळा दरवर्षी डोळे तपासते, हे भिंतीवरची अक्षरं घडाघडा वाचून येतात. आणि मग ठरवलं, आपण गप्प बसून बघू. खरं-खोटं काय ते कळेल.

बंद पडलेल्या कारखान्याची लांब भिंत संपली की घरांची ओळ लागते. सगळी डावीकडे, प्रत्येकाला छोटं फाटक, फाटकातून थेट रस्ता. मी ओठ घट्ट मिटून घेतले. एक फाटक गेलं. दुसऱ्यातून एक माणूस कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला, तो स्वतःच मागे सरकला आणि आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. यांना पत्ताच नाही.

"काय गं," हे म्हणाले, "गप्प का?"

मी बोलले नाही.

"बोल ना काहीतरी." आवाज बारीक झाला होता. "अगं, बोल ना!"

हा माणूस घाबरला होता. मी बोलत नव्हते म्हणून घाबरला होता. मी सगळं सोडून ओरडणारच होते, थांबा, उतरा, आणि तेवढ्यात पुढच्या फाटकातून एक छोटी मुलगी पायाने ढकलायच्या स्कूटरवरून सुसाट बाहेर आली. डोक्यावर लाल टोपी. सरळ आमच्या चाकासमोर.

यांची मान हलली नाही. हात ब्रेकवर गेला नाही.

"अरे, थांब! थांब!"

मी दोन्ही पाय खाली टाकले. बुटांचे तळ रस्त्यावर फरफटले, हँडलवर माझी छाती आदळली, यांनी माझ्या आवाजाने ब्रेक दाबला आणि सायकल आडवी झाली. पुढचं चाक मुलीच्या स्कूटरपासून वीतभर लांब थांबलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी यांना कधी 'अरे' म्हटलेलं नाही. त्या क्षणी तोंडातून तेच निघालं.

ती मुलगी घाबरली नव्हतीच. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "बसकाका!" ती म्हणाली. "तुम्ही पडलात? उद्या मला खिडकीची जागा हं! आज नाही, उद्या!" आणि आईने आतून हाक मारली तशी स्कूटर वळवून फाटकात गेलीसुद्धा.

हे रस्त्यावर बसले होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. डाव्या बाजूला बसायचं माझ्याच्याने झालं नाही.

"किती दिसतं?" मी विचारलं.

आधी म्हणाले, काय दिसतं म्हणजे? मग म्हणाले, ऊन डोळ्यावर आलं. मग माझ्या फाटक्या बाहीकडे त्यांचं लक्ष गेलं. तेव्हा खरं ते बोलले. समोरचं सगळं दिसतं. डावीकडचं नाही. कुणीतरी कडेने पडदा ओढत आणल्यासारखं, आधी थोडं होतं, आता पुष्कळ झालं. डॉक्टरकडे? नाही गेलो.

"आणि बस? बस कशी चालवता?"

"मावशी असतात ना दाराशी. त्या डावीकडचं सांगतात. 'मुलं लांब झाली, चला' म्हणतात. त्यांना वाटतं मला विचारायची सवय आहे."

"आणि उद्या?"

हे पायाने रस्त्यावरचा खडा ढकलत राहिले. "उद्या सावकाश चालवीन."

मला असा संताप आला! सावकाश चालवीन म्हणे! दार डावीकडे, मुलं डावीकडे उतरणार, डावीकडून चाकापुढून पळणार, आणि हा माणूस सावकाश चालवणार! मी वाट्टेल ते बोलले. तुम्हाला लाज नाही, काळीज नाही, त्या पोरीची टोपी तरी दिसली का तुम्हाला? लोक वळून बघत होते. बघू देत.

"नाही दिसली," हे म्हणाले. "तिचा आवाज ऐकला तेव्हा कळलं." आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले. "मला दुसरं काही येत नाही गं. बस गेली की मी कोण? सकाळी उठून करू काय? सुट्टी लागेपर्यंत थांब. मग मी स्वतःच सांगतो साहेबांना."

शाळेच्या बस डेपोचे साहेब आमच्याच भागात, पाण्याच्या टाकीमागे राहतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नाही.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. यांना ओरडता येतं, यांच्याशी भांडता येतं. पण हे असे रडत असताना मला 'बरं' म्हणावंसं वाटत होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी एकदा 'बरं' म्हटलं असतं तर उद्या सकाळी हे बसमध्ये चढले असते. मी डबा भरून दिला असता.

"उठा," मी म्हटलं. "मी पुढे बसते."

"तुला येत नाही."

"मला दिसतं."

शाळेत असताना सायकल चालवली होती तेवढीच. पहिल्या फटक्यात आम्ही भिंतीवर जाणार होतो. हँडल माझ्या हातात मुक्या जनावरासारखं इकडेतिकडे ओढत होतं. ब्रेक जोरात लागला, यांचं कपाळ माझ्या पाठीवर आपटलं. पण हळूहळू सायकल सरळ झाली. मी सगळं सांगत होते. खड्डा. ब्रेक. उजवीकडे बाक. डावीकडे दोन बायका, डावीकडे गाडी उभी, डावीकडे मोकळं. मागून दर वेळी 'हो' येत होतं, बारीक आणि उशिरा. यांच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या कमरेला शर्टात रुतली होती. मागचं हँडल सोडून माणूस मला धरून बसला होता. मागे बसल्यावर कसं वाटतं, ते यांना पहिल्यांदा कळत होतं.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटतो. उजवीकडे आमची बिल्डिंग, डावीकडे साहेबांचं घर.

"टाकी आली," मी म्हटलं.

"उजवीकडे घर," हे घाईने म्हणाले.

"माहीत आहे मला."

मी पॅडल मारायची थांबले. सायकल आपल्याच वेगाने पुढे सरकत होती. मी ओरडून सांगू शकत होते, एकटी जाऊन साहेबांना सांगू शकत होते, आणि तशी वेळ आली तर सांगणारच होते. पण मग हे पुन्हा माझ्यामागे कधी बसले नसते.

"डावीकडे वळतेय," मी म्हटलं.

काही नाही. टाकीची सावली आमच्या अंगावर आली. मला यांचं तोंड दिसत नव्हतं आणि वळून बघितलं असतं तर दोघंही पडलो असतो. बोला हो, मी मनात म्हणत होते, एवढं एकदा बोला. कोपरा जवळ आला. मी ब्रेकवर बोटं ठेवली.

कमरेवरची पकड सुटली. मागचं हँडल धरल्याचं जाणवलं.

"हो," हे म्हणाले.

मी वळले. हे माझ्याबरोबर बरोब्बर त्याच बाजूला झुकले.

"आता सांगत राहा," मागून आवाज आला. "डावीकडे काय आहे?"

"कुंपण आहे. फुलझाडं आहेत. साहेब स्वतःच बाहेर उभे आहेत, झाडांना पाणी घालतायत. त्यांनी आपल्याला बघितलंय." मी पॅडल मारायचं थांबवलं. "फाटक आलं. ब्रेक."

"हो," हे म्हणाले.