कठड्यावरची दुसरी जागा

घड्याळजी जाऊन चार महिने झाले आणि त्यांच्या थोरल्या लेकीने प्रार्थनागृहातल्या बाकांपुढच्या जुन्या लाकडी कठड्याची चित्रं केली. कठड्यावर कागद पसरायचा आणि पेन्सिलीचं शिसं हलक्या हाताने घासायचं. हात टेकून टेकून जिथे पॉलिश उडालंय, तिथे लाकडाच्या रेषा उमटतात. ते लांबलचक कागद तिने तिथल्याच भिंतींवर टांगले.

"आई, खांबाजवळची ही खूण बाबांची," ती म्हणाली.

दुकान बंद करून नवरा रोज अर्धा तास इथे बसतो, हे आईला ठाऊक होतं. शाळेचे गणवेश शिवताना तिला मान वर करायची फुरसत नसे, म्हणून ती कधी आली नाही. पण त्या खुणेला अगदी खेटून दुसरी एक खूण होती, लहानशी.

"आणि ही कुणाची?"

"कुणास ठाऊक. कळत नाही तेच बरं."

लेकीला बरं वाटत असेल. आईचं डोकंच फिरलं. एवढा लांब कठडा पडलाय, मग इतकं चिकटून बसायचं काय नडलं होतं? दुसऱ्या दिवसापासून ती मशीन झाकून निघायची आणि नवऱ्याच्या जागेवर ठाण मांडून बसायची.

तिसऱ्या दिवशी तिच्याच वयाची एक बाई शेजारी येऊन बसली. जरा वेळाने हळूच म्हणाली, "इथे एक गृहस्थ बसतात. ते आले तर जागा द्याल ना त्यांना?"

"ओळखीचे आहेत?"

"नाव नाही माहीत. कधी बोललो नाही. सोळा वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला, तेव्हा मी इथे रडत बसले होते. ते सरकून शेजारी आले, एवढंच. मग रोजचंच झालं. मध्ये पाच महिने मी आजारी होते."

घरी हा माणूस दहा मिनिटं गप्प बसत नसे. मीठ कमी, पंखा वाजतोय, काही ना काही चालूच. शांतपणा म्हणून जो काही होता तो सगळा हिच्या वाट्याला. सांगूच नये, असं तिला वाटलं. बसू दे वाट बघत.

तरी तोंडून गेलंच. "ते गेले. मी त्यांची बायको."

बाई ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. तेही आईला खुपलं. इतकं मोकळं रडू आपल्याला कुठे आलं? ती ताठ बसून राहिली. मग पिशवीतून रुमाल काढून तिने पुढे केला.

डोळे पुसून बाईने विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"उद्या या, सांगते," ती म्हणाली.